ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकसचं एम प्रोटीन: ईएमएम टाइप काढा, मग ते प्लाझ्मातलं काय पकडतं तेही तपासा

मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांच्या मायक्रोबायोलॉजी विभागात स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस, म्हणजे ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस, काही नवा नाही. घशाचे स्वॅब, पावसाळ्यात मुलांच्या पायांवर पिकलेले फोड, सेल्युलायटिस, अधूनमधून थेट ब्लड कल्चर. रिपोर्टवर जिवाणूचं नाव आणि औषधांची संवेदनशीलता लिहिली की बहुतेक ठिकाणी काम संपतं. थिसिससाठी किंवा सर्व्हेलन्ससाठी ज्यांना एक पायरी पुढे जायचंय, त्यांच्यासाठी ही कृती आहे. साधा पीसीआर, बाहेरून करून घेतलेलं सँगर सिक्वेन्सिंग, एक जेल आणि एक ब्लॉट (जेलवरचं प्रथिन अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) एवढ्यात सगळं होतं.

एम प्रोटीन हा जिवाणूच्या भिंतीतून बाहेर आलेला, साधारण ५० ते ६० नॅनोमीटर लांबीचा, दोन साखळ्या एकमेकींना पिळून झालेला तंतू. त्याचं जनुक म्हणजे ईएमएम, आणि टाइप ठरतो तो टोकाकडच्या भागाच्या सिक्वेन्सवरून. भिंतीजवळचा भाग टाइपागणिक फारसा बदलत नाही. टोकाकडे जाल तसतसा बदल वाढतो, आणि अगदी टोकाच्या पन्नासेक अमिनो आम्लांत दोन टाइपमध्ये साम्य शोधावं लागतं. मधल्या आणि टोकाच्या याच भागांवर आपल्या रक्तातली प्रथिनं येऊन बसतात: फायब्रिनोजेन, अल्ब्युमिन, आयजीजी, प्लाझ्मिनोजेन, आणि कॉम्प्लिमेंटला आवर घालणारी सी४बीपी व फॅक्टर एच. जिवाणू ही प्रथिनं अंगावर ओढून घेतो आणि न्यूट्रोफिलपासून वाचतो. पण सगळे एम प्रोटीन सगळं पकडत नाहीत, आणि कोण काय पकडतं हे नुसत्या टाइपच्या नंबरावरून सांगता येत नाही. म्हणूनच खाली टाइपिंगबरोबर बाइंडिंगची चाचणीही दिली आहे. आमच्या मते एकाच थिसिसमध्ये दोन्ही असायला हवं.

आयसोलेट पक्का करा

५ टक्के मेंढीच्या रक्ताचा अगर वापरा. ब्लड बँकेतल्या मुदत संपलेल्या पिशवीतलं मानवी रक्त घालून प्लेट ओतायची सवय अनेक ठिकाणी आहे. त्यात स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धच्या अँटिबॉडी असतात, सायट्रेट असतं, कधी दात्याने घेतलेल्या अँटिबायोटिकचा अंशही असतो, त्यामुळे हिमोलायसिस दर वेळी वेगळं दिसतं. तयार प्लेट मुंबईच्याच हायमीडियाकडून मिळतात. ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये किंवा मेणबत्तीच्या बरणीत ३५ ते ३७ अंशांना रात्रभर ठेवा.

बीटा हिमोलायसिस, ०.०४ युनिटच्या बॅसिट्रासिन डिस्कला संवेदनशीलता आणि पीवायआर (झटपट एन्झाइम चाचणी) पॉझिटिव्ह, ही तिन्ही पाहा. नुसत्या बॅसिट्रासिनवर विसंबू नका. स्ट्रेप्टोकॉकस डिसगॅलॅक्टी, उपप्रजाती इक्विसिमिलिस, कधीकधी बॅसिट्रासिनला संवेदनशील निघतो. त्याच्याकडेही ईएमएम जनुक असतं आणि याच प्राइमरनी ते छान वाढतं. पीवायआर मात्र त्याचं निगेटिव्ह येतं. नंतर डेटाबेसमध्ये तुमचा सिक्वेन्स 'एसटीजी' किंवा 'एसटीसी'ने सुरू होणाऱ्या नावाशी जुळला, तर गडबड सिक्वेन्सिंगमध्ये नाही, जिवाणूच दुसरा आहे.

एकच कॉलनी उचलून पुन्हा रेषा ओढा, आणि ते दोनदा करा. घशाच्या स्वॅबमध्ये दोन टाइप एकत्र असू शकतात. शुद्ध वाढ झाली की १५ ते २० टक्के ग्लिसरॉल घातलेल्या टॉड-हेविट ब्रॉथमध्ये उणे ८० अंशांना किमान दोन व्हायल ठेवा. एक रोजच्या कामाची, दुसरीला हात लावायचा नाही. वारंवार सबकल्चर केल्याने कॅप्सूल (जिवाणूभोवतीचं हायलुरोनिक ॲसिडचं चिकट आवरण) आणि एम प्रोटीनचं प्रमाण दोन्ही बदलू शकतात, आणि बाइंडिंगच्या चाचणीत तोच फरक खऱ्या फरकासारखा दिसतो.

आयसोलेट एका लॅबमधून दुसरीकडे न्यायचा असेल, म्हणजे समजा परळहून नवी मुंबईला, तर प्लेट पिशवीत घालून लोकलने जाऊ नका. स्लांट किंवा ट्रान्सपोर्ट मीडियममधला स्वॅब, त्यावर शोषक कागद, मग न गळणारा डबा, मग बाहेरचं खोकं, असं तिहेरी पॅकिंग करून कुरिअरने पाठवा.

डीएनए

स्ट्रेप्टोकॉकसची भिंत नुसतं उकळून नीट फुटत नाही. कधी फुटते, कधी नाही, आणि ज्या दिवशी फुटत नाही त्या दिवशी दोष उगाच टॅकच्या, म्हणजे पीसीआरच्या एन्झाइमच्या, माथी मारला जातो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची जुनी पद्धत स्वस्त आहे आणि दगा देत नाही. प्लेटवरून भरपूर वाढ ०.८५ टक्के सलाइनच्या ३०० मायक्रोलिटरमध्ये घ्या, ७० अंशांना १५ मिनिटं ठेवा, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी टाका. पेलेट ५० मायक्रोलिटर टीई बफरमध्ये मिसळा. त्यात म्युटॅनोलायसिन (मिलिलिटरला ३००० युनिट) १० मायक्रोलिटर आणि हायलुरोनिडेज (मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम) ४ मायक्रोलिटर घाला. ३७ अंशांना ३० मिनिटं, मग १०० अंशांना १० मिनिटं. पुन्हा फिरवून वरचा द्रव, म्हणजे लायसेट, वापरा.

कॅप्सूल विरघळवणारं हायलुरोनिडेज वगळायचा मोह होतो, कारण ते महाग आहे. ईएमएम ४ आणि २२ यांना कॅप्सूल बनवणारी जनुकंच नसतात, तिथे ते वगळलं तरी चालतं. पण टाइप काढण्याआधी ते कळणार कसं? चिकट, पाण्याच्या थेंबासारख्या चमकणाऱ्या कॉलनीत तर ते हवंच.

कॉलनी उचलताना खालचा अगर खरवडू नका. रक्तातलं हीम टॅकला अडवतं. लायसेट लालसर दिसला तर दहापट पातळ करूनच पीसीआरला घाला.

आणि एक मुंबईपुरतं: जूनपासून सप्टेंबरपर्यंत उणे २० मधून काढलेली एन्झाइम पावडरची बाटली लगेच उघडली, तर आत दव धरतं. बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडा, द्रावण करून छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा.

पीसीआर

बील, फॅकलम आणि थॉम्पसन यांनी १९९६ साली मांडलेली पद्धत अजूनही पाया आहे. सीडीसीच्या प्रोटोकॉलमधले प्राइमर १ आणि प्राइमर २ घ्या. सिक्वेन्स हाताने टाइप करू नका, मूळ पानावरून उचला. प्राइमर १ मध्ये एका जागी 'एस' हे अक्षर आहे, म्हणजे तिथे सी किंवा जी. ऑर्डर देताना कोणीतरी ती टायपो समजून दुरुस्त करतं आणि काही टाइपचा बँड यायचाच थांबतो.

२५ मायक्रोलिटरच्या मिश्रणात प्रत्येक प्राइमर ०.४ मायक्रोमोलर, डीएनटीपी प्रत्येकी २०० मायक्रोमोलर, मॅग्नेशियम १.५ ते २ मिलिमोलर, टॅक १ ते १.२५ युनिट आणि लायसेट २ मायक्रोलिटर.

९४ अंशांना १ मिनिट. मग १० चक्रं: ९४ ला १५ सेकंद, ४६.५ ला ३० सेकंद, ७२ ला सव्वा मिनिट. मग अशीच २० चक्रं, पण दर चक्राला ७२ ची वेळ १० सेकंदांनी वाढवत. शेवटी ७२ ला १० मिनिटं.

४६.५ अंश बघून अनेकजण चमकतात आणि ५५ करतात. मग काही येत नाही. प्राइमर १ मध्ये १९ पैकी जेमतेम चार जागी जी किंवा सी आहे, तो त्याहून वर धरतच नाही. फारच फालतू बँड येत असतील तर ४८ पर्यंत जाऊन बघा.

दीड टक्क्याच्या अगरोजवर बँड हजार बेसच्या आसपास दिसतो. पण टाइपप्रमाणे मधल्या पुनरावृत्तींची संख्या बदलते, म्हणून काहीशे बेस कमी-जास्त झाले तर घाबरू नका. उलट तुमच्या सगळ्या नमुन्यांत बँड अगदी एकाच उंचीला आला तर आधी निगेटिव्ह कंट्रोल बघा. पॉझिटिव्ह कंट्रोलला एसएफ३७० हा स्ट्रेन ठेवा, त्याचा टाइप ईएमएम १.० हे ठरलेलं आहे. दोन बँड आले तर बहुतेक वेळा ईएमएमच्या दोन्ही बाजूंना असलेली एमआरपी किंवा ईएनएन ही नातेवाईक जनुकं वाढलेली असतात. ठळक बँड कापून शुद्ध करा आणि मगच सिक्वेन्सिंगला द्या.

सिक्वेन्स वाचताना

प्राइमर आणि उरलेले डीएनटीपी एक्झोन्युक्लिएज आणि फॉस्फेटेजने साफ करा: ३७ अंशांना १५ मिनिटं, ८० ला १५ मिनिटं. सिक्वेन्सिंग एकाच बाजूने, 'ईएमएम-सीक-२' या प्राइमरने. हा प्राइमर १ च्याच जागी बसतो, फक्त सात बेस लांब आहे. कंपनीला तुमचा प्राइमर पाठवा. तिच्याकडचा एम१३ इथे काही कामाचा नाही.

प्राइमर संपतो तिथून सुमारे ७० बेसवर परिपक्व प्रोटीनचा कोड सुरू होतो. टाइप ठरतो त्यातल्या पहिल्या ९० बेसवर, म्हणजे पहिल्या ३० अमिनो आम्लांवर: संदर्भ सिक्वेन्सशी ९२ टक्के किंवा अधिक जुळलं तर तोच टाइप. हिशोब केला तर ९० पैकी सातपर्यंत फरक चालतात, आठव्याला टाइप बदलतो. उपप्रकार, म्हणजे टिंबानंतरचा आकडा, मात्र १८० बेसवर ठरतो. त्यात सिग्नल पेप्टाइडची (प्रोटीन बाहेर पडताना कापला जाणारा सुरुवातीचा तुकडा) शेवटची १० आणि परिपक्व प्रोटीनची पहिली ५० अमिनो आम्लं येतात, आणि तिथे एका बेसचाही फरक धरला जातो.

आता क्रोमॅटोग्राम, म्हणजे सिक्वेन्सिंगचा शिखरांचा आलेख, समोर ठेवा. १८० बेसची ती खिडकी प्राइमरनंतर साधारण ४० बेसवर उघडते. सँगरचे पहिले ३० ते ४० बेस तसेही गढूळ असतात. रीड चाळिसाव्या बेसला स्वच्छ झाला तर टाइप आणि उपप्रकार दोन्ही मिळतात. साठाव्या बेसपर्यंत शिखरं एकमेकांवर चढलेली असतील तर टाइप निःशंक सांगता येतो, उपप्रकार नाही. तेव्हा ईएमएम १ एवढंच लिहा, १.० लिहू नका. गुणवत्ता फ्रेड २० च्या (शंभरात एक चुकीची शक्यता) खाली असलेला बेस सॉफ्टवेअरने काहीतरी ठरवून दिलाय म्हणून स्वीकारायचा नाही. नव्या उपप्रकाराचा दावा अशाच एका चुकीच्या बेसवर उभा असतो.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत दुहेरी शिखरं म्हणजे दोन टाइपची मिसळ किंवा दोन जनुकं. ठरावीक जागेपर्यंत स्वच्छ आणि तिथून पुढे दुहेरी असेल तर एका प्रतीत काही बेस कमी-जास्त आहेत. उपाय: एका कॉलनीपासून पुन्हा सुरुवात, आणि जेलवर दोन बँड असतील तर ठळक बँड कापूनच सिक्वेन्सिंग.

पूर्ण जीनोम करणार असाल तर टाइप संगणकावर निघतो, पण शॉर्ट-रीड असेंब्ली नेमकी पुनरावृत्तींच्या जागी तुटते आणि एमआरपी-ईएनएनचे हिट मधे येतात. ईएमएम ४ मध्ये ईएमएम आणि ईएनएन जुळून एकच संकरित जनुक झालेले स्ट्रेनही सापडले आहेत. टाइप तोच दिसतो, प्रोटीनचा मागचा भाग मात्र दुसऱ्याचा.

टाइप मिळाला, पण त्याने काय कळलं

२०१४ साली १७५ एम टाइपची ४८ क्लस्टरमध्ये विभागणी झाली, आणि ती संपूर्ण प्रोटीनच्या सिक्वेन्सवर बेतलेली आहे. टाइप काढल्यावर क्लस्टर लिहून ठेवायला पैसे पडत नाहीत, तरी बरेच प्रबंध तो रकाना रिकामा ठेवतात. ईएमएम १ ए-सी३ मध्ये येतो, त्याच्या मधल्या बी भागावर फायब्रिनोजेन बसतं. ईएमएम २, २२, २८, ८९ हे ई४ मधले. ई गटाचे बरेच टाइप सी४बीपी आणि अँटिबॉडी पकडतात. ईएमएम ५३ डी४ मधला, तो प्लाझ्मिनोजेन पकडण्यासाठी प्रसिद्ध.

गंमत पुढे आहे. एम२, एम२२, एम२८ आणि एम४९ यांची टोकं सिक्वेन्समध्ये एकमेकांशी जुळत नाहीत म्हणावी इतकी वेगळी आहेत. पण २०१६ साली या चौघांच्या सी४बीपीसकट स्फटिकरचना प्रसिद्ध झाल्या, तेव्हा दिसलं की योग्य अमिनो आम्लं योग्य अंतरावर ठेवून चौघंही एकाच जागी सी४बीपीला धरतात. अँटिबॉडीला टोक परकं वाटतं, सी४बीपीला ओळखीचं. उलटही घडतं. २०१९ मध्ये ब्रिटनमधून नोंदलेला एम१-यूके हा वंश इतर एम१ पेक्षा जीनोममध्ये २७ जागी वेगळा आहे आणि विष जास्त बनवतो, पण ईएमएम टाइपिंगला तो साधा ईएमएम १ च दिसतो.

भारतात टाइपचं वैविध्य युरोप-अमेरिकेपेक्षा बरंच जास्त आहे. तिथल्या आकडेवारीवर बेतलेल्या ३० टाइपच्या लसीचा इथे किती उपयोग होईल, हा प्रश्न क्लस्टर आणि बाइंडिंगच्या माहितीशिवाय नीट विचारताही येत नाही.

बाइंडिंग तपासणं

प्लाझ्मा घ्या, सीरम नाही. सीरममध्ये फायब्रिनोजेन उरलेलंच नसतं. सायट्रेट प्लाझ्मा, शक्यतो अनेक दात्यांचा एकत्र केलेला, कारण एखाद्याच्या रक्तात नेमक्या तुमच्या टाइपविरुद्ध अँटिबॉडी असल्या तर त्या टोकच झाकून टाकतात. ब्लड बँकेकडून घेताना संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी हातात ठेवा. गोठवलेला प्लाझ्मा ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये वितळवा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वितळवला तर क्रायोप्रेसिपिटेट तळाशी बसतं, त्यात फायब्रिनोजेनचा मोठा वाटा जातो, आणि नंतर सेंट्रिफ्यूज केलंत तर तो तुम्हीच फेकून देता.

जिवाणू टॉड-हेविट आणि ०.२ टक्के यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये वाढवा आणि ६०० नॅनोमीटरला ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) ०.४ ते ०.५ असतानाच काढा. रात्रभर वाढवलेलं कल्चर इथे नको. वाढ थांबत आली की स्पी-बी हे प्रोटिएज सुटतं, ते एम प्रोटीनही कापतं आणि त्यावर बसलेलं प्रथिनही. खात्रीसाठी ई-६४ हे इनहिबिटर १० मायक्रोमोलर घाला. सगळ्या स्ट्रेनची मात्रा ओडीवर जुळवा, कॉलनी मोजून नाही: साखळी कितीही लांब असली तरी कॉलनी एकच उगवते.

१० मिलिलिटर कल्चरचा पेलेट पीबीएसने दोनदा धुवा. हे धुणं उरकू नका. द्रवात राहिलेलं स्ट्रेप्टोकायनेज प्लाझ्मिनोजेनला जागं करतं आणि फायब्रिनोजेनची चाळण होते. पेलेट अर्धा प्लाझ्मा, अर्धं पीबीएस आणि १० मिलिमोलर ईडीटीए अशा ५०० मायक्रोलिटर मिश्रणात ३७ अंशांना ३० मिनिटं हळू फिरवत ठेवा. मग ०.०५ टक्के ट्वीन-२० घातलेल्या पीबीएसने तीनदा धुवा, आणि शेवटच्या धुण्याआधी नवी ट्यूब घ्या, कारण प्लाझ्मा प्लास्टिकलाही चिकटतो. बसलेली प्रथिनं सोडवायला ०.१ मोलर ग्लायसिन, पीएच २.०, १०० मायक्रोलिटर, १० मिनिटं. सेंट्रिफ्यूज करा. वरचा द्रव ज्या ट्यूबमध्ये काढाल तिच्यात १ मोलर ट्रिस आधीच घालून ठेवा, किती ते एकदा पीएच पट्टीवर ठरवा. आम्लात पडून राहिलेलं प्रथिन पुढे नीट वागत नाही.

कंट्रोल तीन: जिवाणूशिवाय प्लाझ्मा याच सगळ्या पायऱ्यांतून, प्लाझ्माशिवाय जिवाणू, आणि माहीत असलेला स्ट्रेन. फायब्रिनोजेनसाठी ईएमएम १, सी४बीपीसाठी ईएमएम २२, प्लाझ्मिनोजेनसाठी एपी५३ हा ईएमएम ५३ चा स्ट्रेन.

जेलवर डोळ्यांनी निकाल लावू नका. रिड्यूस केल्यावर (साखळ्यांना जोडणारे बंध तोडल्यावर) फायब्रिनोजेनच्या तीन साखळ्या साधारण ६६, ५५ आणि ४८ किलोडाल्टनला येतात. अल्ब्युमिनही ६६ च्या जवळ, आयजीजीची जड साखळी ५० ला. म्हणजे अल्ब्युमिन आणि आयजीजी पकडणारा स्ट्रेन कुमासीने रंगवलेल्या जेलवर फायब्रिनोजेन पकडणाऱ्यासारखा दिसू शकतो. रिड्यूस न केलेला नमुना शेजारी चालवा: फायब्रिनोजेन ३४० ला, म्हणजे वरच्या टोकाला अडकतं, अल्ब्युमिन खालीच येतं. मग ब्लॉट.

ब्लॉटमध्ये सगळ्यात जास्त फसगत होते. एम प्रोटीन आणि त्याचे भाऊबंद अँटिबॉडीचा एफसी भाग (तिचा बुंधा) पकडतात, आणि आम्लाने हे प्रोटीनही थोडं सुटून तुमच्या नमुन्यात आलेलं असतं. सशाची प्रायमरी अँटिबॉडी टाकली की ती अँटिजेनऐवजी या प्रोटीनला बसते, आणि झकास बँड येतो. प्लाझ्माशिवाय जिवाणूच्या लेनमध्ये तोच बँड दिसला तर समजून जा. कोंबडीपासून केलेली आयजीवाय किंवा एफसी काढून टाकलेली अँटिबॉडी वापरली की हा त्रास जातो.

प्लाझ्मिनोजेन पॉझिटिव्ह आलं तर लायसिनसारखं रसायन घालून पुन्हा करा. ट्रानेक्झॅमिक ॲसिड चालतं. केमिस्टकडच्या ५ मिलिलिटरच्या ॲम्प्युलमध्ये ५०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे सुमारे ६४० मिलिमोलर. दर मिलिलिटरला १६ मायक्रोलिटर घातलं की १० मिलिमोलर होतं. बँड गेला तर बंध लायसिन धरणाऱ्या जागेतून होता.

ईएमएम १ सारखा टाइप असून काहीच बसलं नाही, तर आधी कॅप्सूलवर संशय घ्या. पेलेटला हायलुरोनिडेज देऊन चाचणी पुन्हा करा. तरीही नाही, तर फ्रीझरमधली हात न लावलेली व्हायल काढा आणि सबकल्चर न करता तिच्यावरच करून बघा.

नोंदवहीत टाइप, उपप्रकार, क्लस्टर, कोणतं प्रथिन बसलं, प्लाझ्माचा लॉट आणि काढताना ओडी किती होती, हे एकाच ओळीत असू द्या. लॉट बदलला की जुन्या तीन-चार स्ट्रेनवर नवा लॉट आधी तपासा. प्लेट, ब्रॉथ आणि प्लाझ्मा लागलेल्या ट्यूब २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे लॅबमध्येच ऑटोक्लेव्ह करून मग बाहेर द्यायच्या: कल्चर पिवळ्या पिशवीत, प्लास्टिक लाल पिशवीत.